पेटीवर कचरू

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर

प्रिय विशाखा,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील, तर थांब. आधी वाच, मग खुशाल फाड. सात महिन्यांत तू माझा एक फोन घेतला नाहीस, वर ब्लॉक केलंस, म्हणून टपालाचा रस्ता धरला. तुझ्याशी भांडून मला करमत नाही गं.

बातमी अशी, की आमच्या अण्णांचा सत्कार झाला. पेटीवादक म्हणून! हसू नकोस, खरंच सांगते. जन्मभर मांडव घातले, शिट्टीसुद्धा सुरात जमत नाही, त्या माणसाला शाल, नारळ आणि पत्रिकेत नावाआधी ‘ज्येष्ठ’. आणि हे सगळं तुझ्यामुळं.

तो पाचोडला भामाबाईंच्या पुतण्याच्या ट्रंकेत सापडलेला फोटो आठवतो ना? बाई भीमगीत गातायत आणि पेटीवर आमचे अण्णा. खरा पेटीवाला चहाला गेलेला, फोटोवाल्याची घाई, म्हणून मांडवाचा दोर सोडून अण्णाच तिथं जाऊन बसले. भामाबाईंच्या गाण्यांच्या आपल्या साइटवर आपण तो फोटो टाकला तेव्हा खाली तू लिहिलंस, ‘पेटीवर कचरू. बाईंचा सूर चढला, की यांचा भाता आपोआप थांबे.’ मी म्हटलं, काढ बाई, लोकांना खरं वाटेल. तू कसली ऐकतेस! चार वर्षं त्या साइटपायी काय कमी फिरलो आपण? खुलताबादच्या चहावाल्याकडून एक कॅसेट मिळवायला सहा कप चहा प्यालो, आणि घरी येऊन टेप मागं-पुढं करत एकेक कडवं उतरवलं. भामाबाईंचं एकही गाणं हरवू द्यायचं नाही, एवढाच आपला हट्ट होता.

मग पुण्याहून ते जाडजूड पुस्तक आलं. आपली गाणी, आपल्या टिपा, आपले फोटो, आणि आपलं नाव कुठंच नाही. तू त्याच महिन्यात नोकरीला पुण्याला गेलेली. मी डोकं गहाण टाकून फोनवर तुला नको ते बोलले. तूच दिलंस, तूच विकलंस. आता लिहितानाही लाज वाटते.

रागात मी ते पुस्तक धड वाचलंही नव्हतं. सत्कारवाल्यांनी मात्र वाचलं होतं. त्यांच्या पत्रात ‘भामाबाईंचे जुने सहकारी’ असं होतं, त्यामुळं अण्णांना वाटलं, चला, मांडववाल्याची कुणाला तरी आठवण झाली. नवा सदरा शिवून घेतला. गेल्या रविवारी स्टेजवर लेखकमहाशय आपल्या पुस्तकातून वाचायला लागले, की कचरूजींनी ऐन चढ्या सुरावर भाता थांबवण्याची स्वतंत्र शैली विकसित केली! मला खुर्चीत बसवेना. तेवढ्यात अण्णांपुढं पेटीच आणून ठेवली, दोन ओळी होऊन जाऊ द्या म्हणून.

अण्णांनी पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि माइक ओढला. म्हणाले, साहेब, मी मांडववाला हाय, मला पेटीतलं काय बी कळत नाय. माझा भाता थांबायचा, कारण तो कधी चाललाच नाय. ही माझ्या पोरीची अन् तिच्या मैत्रिणीची थट्टा हाय. दोघींनी गावोगाव हिंडून समदं गोळा केलं, अन् तुमी थट्टेसकट उचललं व्हय! अख्खा हॉल पोट धरून हसला. लेखकमहाशय रुमालानं मान पुसत राहिले, आणि पुढच्या आवृत्तीत पहिल्याच पानावर आपल्या दोघींची नावं छापायचं तिथंच कबूल केलं.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तू दिलं असतंस, तर ती ओळ आधी काढली नसतीस का? तुझी तूच केलेली थट्टा तू विसरणार होतीस थोडीच!

पण विशाखा, माझं हसणं तिथंच थांबलं. नावं लिहून घ्यायला एका बाईंनी मोबाइलवर आपली साइट उघडली आणि म्हणाल्या, इथं तर एकच नाव आहे, सुकेशनी. अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. तुला हे माहीत नाही. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी मी तुझं नाव साइटवरून पुसून टाकलं होतं. त्या माणसानं केलं तेच मी केलं. तो निदान परका तरी होता. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. माफ कर गं. घरी येऊन नाव परत घातलंय, माझ्या नावाच्या आधी. फोटोखालची तुझी ओळ तशीच आहे. अण्णांची ताकीद आहे, तिला कुणी हात लावायचा नाही. आणि वेरूळला भामाबाईंची एक कॅसेट सापडलीय, आपण कधीच न ऐकलेली. टेपात घालून ठेवलीय. तू येईपर्यंत बटण दाबणार नाही.

तुझीच, अजून मानत असशील तर,
सुकेशनी