टायरची आतली बाजू

दसरा, संध्याकाळ. डोंबिवली.

सुहासने आज गाडी धुतली, हार घातला, चारही टायरांना हळदकुंकू वाहिलं. बाहेरून. उद्या हा माझा धाकटा भाऊ आईला घेऊन कसारा घाटातून नाशिकला जाणार होता. मी स्टिअरिंग वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. रबर संपलेलं, बोटाला तारा टोचल्या.

"दादा, बाहेरून बघ ना, नक्षी नवीकोरी आहे."

"आत तारा निघाल्यात. टायर बदलल्याशिवाय आई बसणार नाही."

"पूजा झालेल्या गाडीबद्दल अभद्र बोलू नये रे."

अभद्र मी! देवालासुद्धा आतली बाजू दाखवली नाही या यजमानाने. किल्ली मी काढून घेतली. आई म्हणाली, सणासुदीला त्याचं मन मोडलंस. मोडलं. ती रुसून आत बसली आहे. बसू दे. उद्याही घरातच बसलेली असेल.