सोड, माझा आहे!

प्रिय छोटू,

सहा फुटी माणसाला या नावानं हाक मारणारी आता एकटी आईच उरली असेल. मी अकरा वर्षांत मारलेली नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला ठेवशील अशी भीती आहे. ठेवू नकोस. फोनवर माझी गाडी दुसऱ्याच वाक्याला अडते, म्हणून लिहायला बसलोय.

आधी बातमी. आपला संघ प्लेऑफमध्ये पोचला. रविवारी दुपारी घरच्याच मैदानावर सामना, जिंकलो तर वरच्या गटात. कसे पोचलो ते विचारू नकोस. आपण जिंकलो कमी, बाकीचे हरले जास्त. सलूनमध्ये रोज सकाळी अजून तीच मंडळी जमते. संघ जिंकायला लागला की आमचा विश्वासच बसत नाही, मग आम्ही जुनी दुःखं उगाळत बसतो. पेनल्टी एका खांबाला लागली, तिथून दुसऱ्या खांबाला लागली आणि बाहेर आली, ते वर्ष. प्रशिक्षक अर्ध्या मोसमात सामान बांधून शेजारच्या शहराच्या संघाकडे गेला, ते वर्ष. नुसती बरोबरी हवी होती आणि घरच्या मैदानावर चार गोल खाल्ले, ते वर्ष. ज्याला त्याला आपलंच दुःख मोठं वाटतं, त्यावरून हमरीतुमरी होते. मात्र एक वर्ष सगळेच ओलांडून पुढे जातात. कुठलं ते तुला सांगायला नको. मला वाटायचं, गोलकीपरचा भाऊ समोर बसलाय म्हणून लाज राखतात.

आता मंगळवारचं ऐक. एका सात मजली इमारतीची लिफ्ट बंद पडली म्हणून मला बोलावलं होतं. खाली जाऊन बघतो तर लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी. मी म्हटलं, आधी प्लंबर आणा. आला तो कोण, तर आपला भिंत! तुझ्यापुढे बचावाला उभा राहायचा तोच. आता केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, पण लोक अजून भिंतच म्हणतात. पंप लावला आणि पाणी उतरायची वाट बघत दोघं तिथेच उभे राहिलो. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "रविवारी येणार ना?" तो म्हणाला, "मी मैदानात पाऊल टाकत नाही." मग पाण्याकडे बघतच म्हणाला, "त्या दिवशी तुझा भाऊ चुकला नव्हता. चेंडू त्याचाच होता, तो पुढे आलाही होता. मी ओरडलो, सोड, माझा आहे! त्यानं सोडला, आणि माझी उडी पोचली नाही."

शेवटचं मिनिट. तू दोन पावलं पुढे आलास, हात खाली सोडून उभा राहिलास आणि चेंडू जाळ्यात गेला. सबंध मैदानानं एवढंच पाहिलं. मीही.

तो म्हणाला, कपडे बदलायच्या खोलीत त्यानं तुला विचारलं होतं, "सांगू का सगळ्यांना?" तू फक्त "नको" म्हणालास. का, ते त्याला आजवर कळलेलं नाही. छोटू, मलाही कळत नाही. सांगून कोणी विश्वास ठेवणार नाही असं वाटलं? त्याचं लग्न ठरलं होतं म्हणून? की आधी घरचं माणूस काही विचारतंय का, ते बघत होतास? मी विचारलंच नाही. आईसमोर एवढंच म्हणालो, "तुझ्यापेक्षा रिकामा गोल परवडला असता." तिसऱ्या दिवशी तू घर सोडून गेलास. आई म्हणते, मोठ्या भावाच्या तोंडचं तेवढं एक वाक्य तू नेलंस, बाकी कपडेही पुरते नेले नाहीस.

मी भिंतीची गचांडी धरायला हवी होती. पण पाइप सुटला, त्यानं हात पुढे केला आणि मी त्याला पाना दिला. वर त्याच्यासाठी बॅटरीही धरून उभा राहिलो. असला कसला मी? घरी येऊन आईला सांगणार होतो, तर जेवून सरळ झोपलो. राग नक्की कोणाचा आलाय तेच ठरेना. त्याचा म्हणावा, तर त्यानं निदान तोंड उघडलं. तुझा म्हणावा, तर कुठल्या तोंडानं?

काल सलूनमध्ये नेहमीची यादी सुरू झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अकरा वर्षांपूर्वीचं राहिलं." वस्तरा थांबला. पोस्टमन काका म्हणाले, "ते राहिलं नाही रे, आम्ही मुद्दाम बाजूला ठेवलंय. त्या दिवशी तुझ्या भावानं पाच गोल वाचवले, नाहीतर अर्ध्या वेळेतच घरी जायचं होतं. पण त्याचं नाव निघालं की तू पिसाळायचास. कोण तुझ्या नादी लागणार?" म्हणजे एवढी वर्षं ते लाज राखत नव्हते, मला घाबरत होते. तुला नावं ठेवणारा त्या सलूनमध्ये मी एकटाच होतो. तिथेच भिंतीचं सगळं सांगून टाकावं असं वाटलं. नाही सांगितलं. का नाही, ते मला विचारू नकोस. तू का नाही सांगितलंस ते आधी सांग.

हे लिहिण्याचं कारण आता सांगतो. भिंतीनं तुझा पत्ता मागितला. त्याला तुझ्यासमोर उभं राहून बोलायचंय, आणि रविवारीच, कारण सामना चालू असताना त्याला या शहरात थांबवत नाही. मी कागद घेतला, पत्ता लिहिला, आणि त्याच्या हातात द्यायच्या आधी घडी करून माझ्याच खिशात टाकला. म्हटलं, रस्ता मी दाखवतो. माझं सामन्याचं तिकीट पोस्टमन काकांना दिलं. ते मला वेडा म्हणाले. जिंकू की हरू, या वेळी मला सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे बघायचंही नाही. रविवारी सामना सुरू होईल त्या सुमारास तुझ्या दाराची बेल वाजेल. दोघं असू. त्याला आत घे. मला घ्यायचं की नाही, ते तू ठरव. मी जिन्यात थांबेन.

तुझाच,
दादा