निखालस

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं.

बायबलच्या ऐतिहासिक पुराव्यांवरची व्याख्यानं तू आधी स्वयंपाकघरात माझ्यापुढे म्हणून बघायचास. एकदा मी विचारलं, येशूच्या कबरीपाशी किती बायका गेल्या यावर चार शुभवर्तमानांचं एकमत नाही, मग विश्वास कसा ठेवायचा? तू हसून म्हणालास, “म्हणूनच ठेवायचा, वेडाबाई. खरे साक्षीदार थोडं इकडचं तिकडे बोलतात. शब्दाला शब्द जुळला की समजावं, आधी बसून ठरवलंय.”

काल आईच्या मागे घर कुणाचं, याचा निवाडा करायला चर्चचे पाळकसाहेब आले. शेवटपर्यंत आईचं सगळं मीच केलं, एवढंच मी सांगितलं. वहिनी म्हणाली, “हिचं म्हणणं निखालस खोटं आहे.” धाकट्या भावाने तेच वाक्य म्हटलं. मग मावशी. सकाळी काय खाल्लं हे सांगताना तीनदा बदलणारी आपली मावशी, तीही न अडखळता “निखालस” म्हणाली.

व्याख्यानातला हा शब्द आपल्या घरात फक्त तू वापरतोस, दादा. काल तेवढा तूच गप्प होतास.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर चौघांचं एकच उत्तर येईल.

तुझीच,
वेडाबाई