फायदा दिसला नाही

४ मार्च

मधुमेहाच्या औषधाच्या चाचणीचा निकाल हाती आला! बेरीज पुन्हा तपासली, तरी तेच. आठवड्यातून एकदा घ्यायच्या या सुईने साखर सगळ्यांचीच उतरते, पण हृदयाचा फायदा आमच्या वंशाच्या लोकांत सर्वांत जास्त. वजन मात्र आमचं कमी उतरतं. मी हे कधीपासून कानीकपाळी ओरडत होतो. आज विभागप्रमुख स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले.

५ मार्च

दादाकडे जेवायला. त्याला आणि वहिनीला, दोघांनाही साखर. दोघंही याच सुईवर. वहिनी आमच्यातली नाही, तिचे लोक वेगळ्याच वंशाचे. पण 'भाऊजी' असं ठासून म्हणते की मीच सावरून बसतो. तिचं वजन चांगलंच उतरलंय. दादाचं पोट जागच्या जागी, म्हणून तोंड फुगवून बसलेला. "सगळं हिलाच लागू पडतं. मी सोडतोच ही सुई."

म्हटलं, "खुळा आहेस. काट्यावर वजन दिसतं, हृदय नाही. आपल्या लोकांना तर ही सुई म्हणजे चिलखत आहे."

वहिनी ताटं उचलत होती. "आणि आमच्या लोकांना, भाऊजी?"

"फायदा दिसला नाही," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. दादा मात्र एकदम खुलला — बायकोवर कशात तरी मात केली!

९ मार्च

आकडेवारीच्या मॅडम हटून बसल्या. "त्या वंशाची माणसं चाचणीत होतीच किती? घेतलीच नाहीत, तर फायदा दिसणार कुठून?" मुद्दा बरोबर. लेखात तसं एक वाक्य घातलं. त्यांना हवं होतं त्यापेक्षा आखूड, पण घातलं.

२ एप्रिल

सुईचा तुटवडा. औषधवाला म्हणे घरटी सुईचं एकच पेन देतो. वहिनीला फोन केला. औषधपाणी तिच्याच खात्यात; दादाला स्वतःच्या चष्म्याचा नंबरही माहीत नसतो. म्हणाली, "काळजी करू नका, भाऊजी. यांची सुई चुकणार नाही." बाई खमकी आहे. मी निर्धास्त.

२० एप्रिल

परिषदेत भाषण. उत्तम झालं.

११ मे

दादाच्या तपासण्या झकास, वजनही थोडं उतरलंय! रिपोर्ट मीच सगळ्यांना वाचून दाखवला. म्हटलं, सोडणार होतास ना? वहिनी हसली. जरा भरल्यासारखी वाटली. "दादाचं उतरलेलं तुमच्याकडे आलं वाटतं," म्हणून चिडवलं. नेहमी उलट टोला देते. आज ताटं घेऊन आत गेली.

२९ मे

वहिनीला आज सकाळी हृदयविकाराचा झटका आला. आमच्याच इस्पितळात आणलं. आत नेताना मी विचारलं, शेवटची सुई कधी घेतली.

"एप्रिलपासून नाही. एकच मिळत होती, ती यांना देत होते. आमच्यात फायदा नाही म्हणालात ना तुम्ही. मग वाया कशाला घालवायची?"

सुई सुटल्यामुळेच झालं, असं सिद्ध करता येणार नाही. तसं नाही, असंही मला म्हणता येत नाही. भीती वाटतेय.

दादा बाहेर बाकावर आहे. सुई दोघांनाही मिळत होती, असंच तो समजून आहे. त्याला मलाच सांगायचंय.