दाराजवळचा बाक

प्रिय बंडू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते तर तू इथे असतानाही कुरकुरायचे. खरं सांगू का, सकाळपासून हाताला चैन नाही. मशीनवर बसले तर दोरा तुटतो, उठले तर कशाला उठले तेच आठवत नाही. सूनबाई दवाखान्यात रात्रीच्या ड्यूटीला निघताना म्हणाली, "आई, घरातल्या घरात किती चालाल? एका जागी बसा बघू." म्हणून बसले, आणि बसल्याबसल्या पत्रच लिहायला घेतलं. फोनवर तू "हं, हं" करतोस आणि साहेब हाक मारतायत म्हणून ठेवून देतोस. पत्राला नुसतं "हं" म्हणून सुटता येत नाही.

आपल्या वस्तीत शाळा उघडते आहे, सोमवारी. सरकारी आहे, फक्त मुलांची, नववीपासून बारावीपर्यंत. आणि बारावी झाली की थेट कॉलेजात जायचं, अशा तयारीची. मुलांचीच का, म्हणून पलीकडच्या गल्लीतली मास्तरीण माझ्याशी भांडायला आली होती. मी तिला खिडकीपाशी नेलं आणि म्हटलं, बघ बाई. आपल्या पोरी टेकडीपलीकडच्या मुलींच्या शाळेत जातात, तिथून कॉलेजात जातात, तुझ्यासारख्या नोकऱ्या धरतात. आणि पोरगे? मिसरूड फुटलं की गॅरेज, नाहीतर गोदाम. ती गप्प बसली नाही, पण चहा मात्र पिऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी घरातला पृथ्वीचा गोल शाळेला देऊन आली.

जागा कुठली म्हणशील, तर बंद पडलेलं टेलिफोन एक्सचेंज. तू लहानपणी ज्याच्या भिंतीवर चेंडू आपटायचास तेच. आतल्या भिंतींना वायरींची भोकंच भोकं. गवंडी ती बुजवायला आला, तर तुझा टिल्लू आणि त्याचे दोस्त एका वर्गातून दुसऱ्या वर्गात भोकाला तोंड लावून बोलत बसलेले. "हॅलो, हेडसर आले, पळा!" आणि हेडसर मागेच उभे! हेडसर म्हणजे अगदी तरुण पोरगा आहे रे, नेहमी घाईत, शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं. ते मीच लावून देते. गणवेश माझ्याकडे शिवायला आहेत ना, म्हणून मला पालक समितीतही घेतलं. कात्रणं आणि पाकिटांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली मी बाई, शाळेच्या समितीत! तुझे बाबा असते तर आठवडाभर हसले असते.

टिल्लूला आता टिल्लू म्हणायची सोय राहिली नाही. गणवेशासाठी माप घेतलं तर टेप त्याच्या खांद्यावर टाकायला मला स्टुलावर चढावं लागलं. उजवा खांदा किंचित खाली, थेट तुझ्यासारखा. तुझे शर्ट शिवताना मी तिकडे थोडं जास्त कापड द्यायची. हात आपोआप तसाच चालला.

आता त्या नियमाचं सांगते, ज्याने सगळ्या वस्तीची झोप उडवली आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाबरोबर घरचा एक पुरुष यायचा. नुसता फाटकापर्यंत सोडायला नाही; दिवसभर त्याच बाकावर, त्याच्या शेजारी बसायचं. पहिला गणिताचा तास दोघांना मिळून. समितीत हे ठरलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि घरी जाऊन एकेकाची पाचावर धारण बसली. गोदामातला हमाल म्हणे, "वजन उचलायला सांगा, तासाला बसायला नका सांगू." ट्रकवाल्याने पोराला विचारलं, "मला काही विचारणार नाहीत ना तिथे?" ज्यांच्या घरात पुरुषमाणूसच नाही त्यांच्यासाठी मामा, काका, शेजारी चालेल असं ठरलं, तर आपल्या सलूनवाल्याला तिघांनी काका म्हणून बुक केलं! आता तो बिचारा दाढ्या करता करता विचारतो, "आजी, वर्गावर्गांत भोकं आहेत म्हणे. एका बाकावरून तिन्हीकडे हजेरी देता येईल का?" मी म्हटलं, आधी समोरच्याचा गाल सांभाळ.

हसलास ना? मीही हसते, पण आपल्या घरचं हसण्यावारी नेता येत नाही. कारण हेडसर काल घरी आले होते. अडून अडून बोलत होते. शेवटी म्हणाले, "आजी, तुमच्या नातवाचे वडील लांब असतात. त्याच्याबरोबर मीच बसलो तर?" मी तोंड उघडायच्या आत टिल्लू म्हणाला, "नको सर. माझे बाबा येणारेत." इतकं सरळ म्हणाला, की सूनबाईने हातातली कपबशी खाली ठेवली. ते गेल्यावर मी त्याला विचारलं, अरे, बाबांशी बोललास का? तर म्हणे, "नाही. आणि तूही सांगायचं नाहीस, आजी. ते आपणहून येतील." म्हणजे हे पत्र लिहून मी त्याचा शब्द मोडते आहे. मोडू दे.

बंडू, त्या संध्याकाळचं आपण कधी बोललो नाही. पाहुणे बसलेले असताना टिल्लू वही घेऊन तुझ्याकडे आला, "बाबा, एवढं गणित सांगा ना." तू बराच वेळ वहीकडे बघत राहिलास, मग पेन्सिल भिरकावलीस आणि त्याच्यावरच ओरडलास. महिना संपायच्या आत तू दूरच्या बंदरावरचं काम धरलंस. सूनबाईला वाटतं तिचं काही चुकलं. पोराला वाटतं त्याचं चुकलं. मी मात्र तुझा चेहरा पाहिला होता. तो राग नव्हता रे, ती लाज होती. आपल्याच लेकरासमोर उघडं पडल्याची. मी ती ओळखते. दुकानाच्या पाट्या वाचता येत नसताना "चष्मा विसरला" म्हणत मीही किती वर्षं काढली आहेत.

म्हणून सांगते, तो नियम समितीचा नाही, माझा आहे. मीच तो मांडला. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला वस्तीतल्या पोरांचा कळवळा. कळवळा होताच, पण डोळ्यांसमोर एकच बाक होता. म्हटलं, जिथे सगळेच बाप अडाणी होऊन बसणार आहेत, तिथे माझ्या लेकाला लपायची गरज पडणार नाही. हेडसरांकडून मी कबूलही करून घेतलंय, पहिला तास अगदी शून्यापासून. पण तू आला नाहीस, तर माझ्याच नियमाने माझा नातू सगळ्या वर्गात एकटा बसेल, आणि हे मला कालपासून सुचू देत नाही. हेडसर म्हणतात, मी सांगितलं तर ते नियम मागे घेतील. मी अजून काही बोलले नाही. आज दुपारी पोरांनी बाक लावले. सगळे खिडकीसाठी भांडत होते. टिल्लूने मात्र दाराजवळचा, शेवटचा बाक ओढून घेतला. मी म्हटलं, अरे, तिथून फळा नीट दिसायचा नाही. तर पुढचा बाक आणखी थोडा पुढे सरकवत म्हणाला, "राहू दे आजी, बाबांचे पाय लांब आहेत."

तुझीच,
दाराकडे कान लावून बसलेली
आई