उजवं चाक झोपलेलं होतं

वस्ताद,

सापडलं. तीन दिवस झाले, ज्याला त्याला धरून सांगावंसं वाटतं, पण समजणार कोणाला? पोराला जालन्याला फोन लावला, तर "बरं झालं" म्हणून त्यानं ठेवूनही दिला. तुम्ही असतात तर आधी शिवी दिली असती आणि मग चहा सांगितला असता. म्हणून सातवी शिकलेल्या हातानं हे लिहायला बसलो. चुका होतील, तेवढ्या सांभाळून घ्या.

पोरानं एक जुनी जीप घेतली आहे, आपल्या धाड गावच्या गॅरेजात यायच्या त्याच जातीची. चालवते सून. हो, सूनच, आणि चांगली चालवते. तिच्या बचत गटाच्या चार बायांना आणि पापडांच्या थैल्यांना घेऊन गुरुवारी राजूर घाट उतरून खाली बाजाराला जायचं ठरलं होतं. आणि जीप कशी, तर स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नाही, आणि ब्रेक दाबला की डावीकडे पळते. सपाट रस्त्यावर ठीक आहे, पण घाटात वळणावर पळाली तर? मला जेवण जाईना. मी म्हटलं, जाऊ नका. सून म्हणाली, "मामाजी, नुसतं भेऊन काय होते? तुमी मेकॅनिक होते ना? मंग पाहा ना!"

तिनं जीप आधी दुसऱ्या एका मेकॅनिकला दाखवली होती. त्यानं स्टेअरिंगचा बॉक्स आवळून दिला होता. त्यानं ढिलेपणा गेला नाहीच, उलट वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ यायचं तेही बंद झालं. मी आधी बॉक्स होता तसा सैल केला. मग तुमचीच पद्धत. जॅक लावायचा नाही, गाडीचं वजन चाकांवर राहू द्यायचं. सुनेला वर बसवलं आणि मी खाली घुसलो. गुडघे ओरडत होते, पण घुसलो. "थोडं डावीकडे. थोडं उजवीकडे. जोरात नाही गं, पाळणा हलवल्यासारखं." एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. नजर आता दगा देते, पण बोटं अजून तुमचीच आहेत. दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या डाव्या टोकाला हात लावला आणि टक्. पुन्हा टक्. मी खालूनच ओरडलो. सून घाबरून खाली उतरली, "लागलं काय?" म्हटलं, "लागलं नाही, सापडलं!"

दोन्ही टोकांचे सांधे नवे टाकले, दोरी लावून चाकं सरळ केली, स्टेअरिंग जागेवर आलं. पण ब्रेक दाबला की गाडी पुन्हा डावीकडेच. डाव्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम त्या आधीच्या मेकॅनिकनं दोनदा उघडून घासला होता. मीही पाना घेऊन डाव्याच चाकापाशी बसलो, आणि तिथंच मला तुम्ही दिसलात.

मी बावीस वर्षांचा आहे. कापसाच्या जिनिंगवाल्याची जीप डावीकडे ओढते आणि मी सकाळपासून डावा ड्रम तिसऱ्यांदा उघडून बसलो आहे. तुम्ही बाकड्यावर बशीत चहा ओतताय. बशी खाली ठेवता आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणता, "काऊन बे, जे चाक काम करून राह्यलं त्यालेच मारून राह्यला? अन् जे झोपलं त्याले कोन उठवन, तुहा बाप?" लोक हसले. मला इतकं लागलं होतं की दोन दिवस मी गॅरेजात आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात, माझ्या आईच्या हातची भाकर खाल्लीत आणि त्या बोलण्याबद्दल एक शब्दही न काढता मला सायकलवर डबलसीट घेऊन गेलात.

तर वस्ताद, उठलो आणि उजवा ड्रम उघडला. आत ब्रेकच्या पट्ट्या नव्यासारख्या, झीजच नाही! झिजतील कशानं? त्यांना ढकलणारं सिलिंडर गंजून जाम झालं होतं. सगळा भार डावं चाक एकटं ओढत होतं, म्हणून गाडी तिकडे पळत होती. दोन्हीकडे नवी सिलिंडरं टाकली. ब्रेकच्या नळीतली हवा काढताना सून पेडलवर आणि मी चाकाशी. "दाब. धर. धर म्हटलं ना!" "धरलंच हाये मामाजी, आता काय त्याच्यावर उभी राहू?" मग उंद्रीच्या बाजूच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर मीच नेली. स्टेअरिंगवरचा हात सैल सोडून ब्रेक दाबला. जीप सुतासारखी सरळ थांबली. दहादा दाबला, दहादा सरळ. मी एकटाच गाडीत हसत होतो.

तरी गुरुवारी मी सुनेच्या शेजारी जाऊन बसलोच. निघण्याआधी नट तीनदा पाहिले, ब्रेकचं तेल दोनदा. घाट लागला आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबायला लागला. मागून एक बाई ओरडली, "ओ बुवा, तो ब्रेक नोय, माह्या पापडाची थैली आहे! चुरा करता काय?" सगळ्या बाया हसल्या, मीही हसलो. मधल्या मोठ्या वळणावर समोरून ट्रक आला आणि सुनेनं कचकन ब्रेक दाबला.

घाट उतरल्यावर तिनं गाडी बाजूला घेतली. चेहरा नुसता फुलला होता. "पाह्यलं ना मामाजी, त्या वळनावर कशी सरळ थांबली?" मी म्हटलं, "पाहिलं ना."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. त्या वळणावर मी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले होते.