सहा डुकरं आन एक टेम्पो

२ जून, सकाळ
आजपासून लिहायचं. वराहपालनाच्या ट्रेनिंगला सायब म्हनाले, जनावरांची रोज नोंद ठेवा. सून आरती म्हनाली, आत्या, मी लिहीत जाईन. म्हटलं, नको बाई, तू खरं लिहिशील. चौथी पास हाय मी. मला येतं.

सहा डुकरं हायेत. पांढरी, फार्मची जात. कानात पिवळे बिल्ले, एक ते सहा. गटारातली न्हाईत, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आमच्या मालकांना पसंत न्हाईत. म्हनाले, नाताळापर्यंत बघतो. नगरला सावेडीत एक मॅडम हायेत, डुकरं घेनाऱ्या. त्यांनी नेली आन खूश झाल्या तर शेड राहील, न्हाईतर तिथं कांदा साठवायची चाळ. म्हटलं, बघाच आता.

ठराव एकच. डुकराला नाव द्यायचं न्हाई. नाव दिलं की माया लागते. तशी मला लागत न्हाई. बोकड विकले, कोंबड्या कापल्या, डोळ्यातून टिपूस काढलं न्हाई. लई कडक बाई हाय मी.

११ जून
सावेडीच्या लीना मॅडम आल्या. त्या घरी हॅम करतात. हॅम म्हंजे डुकराची मांडी, मिठाच्या पान्यात मुरवलेली, धुरी दिलेली. नाताळाला लोक आधीपासून नंबर लावतात.

मॅडमच्या अटी लई. जनावर मोकळं हिंडलं पायजे. सावली पायजे, लोळायला चिखल पायजे. पाय बांधून बांबूला उलटं टांगून न्यायचं न्हाई. शेवटच्या दिवशी घाबरलं तर मांस फिकं पडतं, पानी सुटतं. आन नुसतं मांसाचं न्हाई, म्हनाल्या, आपन त्याला खानार, तर त्याचं जगनं तरी चांगलं करायचं, तेवढं आपल्याकडं लागतं.
म्हटलं, मॅडम, एवढा विचार माझ्या लग्नात बी कुनी केला न्हवता.
आरती हसली. मालक हसले न्हाईत.

१९ जून
नगरला दवाखान्यात गेल्ते. येताना सावेडीतल्या एका दुकानात शिरले, थंड पेटीवाल्या. बाजारात काय माल हाय ते आपल्याला ठाऊक पायजे. मॅडमनी शिकवलेलं सगळं ध्यानात हुतं. हॅमच्या पाकिटात पानी दिसलं की सोडायचं. कडेची चरबी पांढरी आन घट्ट पायजे. बोटानं दाबलं की परत वर आलं पायजे. काप गोल गरगरीत असंल तर ते तुकडे दाबून चिकटवलेले. मांडी कधी गोल असती का?

अकरा पाकिटं दाबली. दुकानदार म्हनाला, मावशी, घ्यायचंय का? म्हटलं, हे? ह्यात निम्मं पानी हाय, आन हा रंग बघ, गुलाल टाकला का? तो म्हनाला, मग तुमी कुठलं खाता? म्हटलं, मी असलं काय खात न्हाई. त्यानं पेटीचं झाकन लावून घेतलं. लोकांना धंद्यातलं कळत न्हाई आन दुकान टाकून बसतात.

३ जुलै
चार नंबर नाकानं दाराची कडी उघडतो. बाकीचे बादलीकडं पळतात, हा माझ्याकडं येतो. मायेचं काय न्हाई. माझ्या पदराला पेंडीचा वास येत असंल.

१८ जुलै
आरती म्हनाली, आत्या, तुमी त्याला हाक मारता. म्हटलं, नंबर घेते. ए चार नंबर, म्हटलं की येतो. नंबर म्हंजे नाव न्हवं. बँकेत बी नंबरानंच बोलवतात. कुनाला माया लागली?

२२ ऑगस्ट, पोळा
बैल विकून सहा वर्सं झाली, तरी पुरनपोळी केली. हाताला सवय. दरसाल ट्रॅक्टरला कुंकू लावतो. औंदा एक पोळी उरली. आता उरली त्याला मी काय करनार? चार नंबरला दिली. कुंकू लावलं न्हाई. कुंकवाचं बोट तसंच हुतं, ते त्याच्या कपाळाला पुसलं गेलं.

शेजारची झुंबरबाई कुंपनावरून बघत हुती. म्हनाली, मनकर्णे, पोळ्याची पोळी खाल्ली, आता हे दावनीचं जनावर झालं. कापायला कशी देशील गं? म्हटलं, तू तुझ्या शेरड्या सांभाळ. धंदा हाय हा.

९ नोव्हेंबर
डोकं चालवलं. जनावर टेम्पोला घाबरतं, मग टेम्पोचीच सवय लावायची. गावातल्या गोरक्षचा टेम्पो ठरवला. रोज संध्याकाळी शेडपुढं उभा, मागं फळी, आत पेंड आन गुळाचा खडा. चढायचं, खायचं, उतरायचं. मॅडमना फोनवर सांगितलं. म्हनाल्या, असं कुनीच करत न्हाई हो. मला ठाऊकच हुतं.
गोरक्ष म्हनतो, मावशी, आता ह्या टेम्पोत लग्नाचं वऱ्हाड कोन बसवंल? म्हटलं, वऱ्हाडापेक्षा गुनी हायेत.

१५ नोव्हेंबर
चार नंबर सगळ्यात हुशार. गोरक्षचा हॉर्न वाजला की फळीपाशी पहिला. आज दूधवाल्याच्या टेम्पोत बी चढून बसला. लई कौतुक वाटलं. मग नीट विचार केला आन जेवन गेलं न्हाई. पित्त असंल.

२४ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. गुरुवारी पाठवा, मुरायला दिवस लागतात. म्हटलं, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घरात घट मांडायचाय. बरं, मग शनिवारी. पन शनिवार पक्का, म्हनाल्या, त्याच्या पुढं गेलं तर नाताळ हुकला.
मालकांनी इचारलं, शनिवारचा काय उपास निघतोय का?  कॅलेंडर बघून ठेवलं हुतं. निघत न्हाई.

२८ नोव्हेंबर, दुपार
मॅडमना फोन केला. चार नंबरला ताप हाय, पाचच न्या. आवाज जरा बारीक काढला. जमलं.

त्याच दिवशी, दिवेलागन
जमलं न्हाई. मॅडम म्हनाल्या, एकाला ताप म्हंजे साथ असंल, मग एक बी नेता येनार न्हाई. उद्या डॉक्टर पाठवते.
मालक टेप घेऊन शेडची लांबी मोजत हुते. म्हटलं, एवढी घाई? म्हनाले, कांद्याला हवा खेळती लागते.

२९ नोव्हेंबर
जनावरांचे डॉक्टर आले. चार नंबरनं त्यांचा हातमोजा खाल्ला. ताप न्हाई, खोकला न्हाई, काय न्हाई. डॉक्टर म्हनाले, मावशी, हा ठनठनीत हाय, तुमचाच चेहरा उतरलाय. आरतीनं मला गावातल्या दवाखान्यात नेलं. माझंच बीपी वाढलेलं निघालं.

संध्याकाळी मॅडमचा फोन. खरं काय ते सांगा. आरती समोर, मालक समोर. मग सांगितलं. मॅडम, त्यानं पोळ्याची पोळी खाल्लीया.
 मग म्हनाल्या, बाकीच्या पाचांनी न्हाई खाल्ली?
म्हटलं, एकच उरली हुती.
म्हनाल्या, बरं. पाच घेते, सोमवारी पाठवा, हुकलेले दोन दिवस मी धावपळ करून भरून काढते. दोन मांड्यांची गिऱ्हाइकं मी समजावते. पन पुढच्या साली पोळी द्यायची तर सगळ्यांना द्या, न्हाईतर कुनालाच देऊ नका.
मालकांनी टेप खिशात घातला. मी म्हटलं, बघा, तत्त्वाची बाई भेटली की तत्त्वाची बाईच ओळखती.

१ डिसेंबर, सोमवार
गोरक्षनं हॉर्न वाजवला. फळीवर पहिला कोन? चार नंबर.
उतरंना. गूळ दाखवला, उतरंना. गूळ आतच हाय हे त्याला ठाऊक. मग गोरक्षनं मागून ढकललं, मालकांनी कान धरले, मी पाय ओढले. असा किंचाळला, असा किंचाळला, झुंबरबाई पळत आली. म्हनाली, मेले, घरीच कापतेस का? म्हटलं, अगं वाचवतेय त्याला!
बाकीचे पाच टेम्पोत पेंड खात हुते. एकानं मान वर केली न्हाई. गोरक्षनं टेम्पोचा फाळका लावला. आवाज न्हाई, धडपड न्हाई. मॅडमला पायजे हुतं तस्संच.
चार नंबरला शेडमध्ये कोंडलं, पाठ चोळली. वाचला गडी, ह्या आनंदात सगळ्यांना चहा ठेवला. चहात साखर घातल्यावर ध्यानात आलं, टेम्पो कधी गेला ते बघितलंच न्हाई.

२४ डिसेंबर
मॅडमनी गोरक्षबरोबर एक पाकीट पाठवलं, चिठ्ठी लावून. आरतीनं वाचली. असं मांस बघितलं न्हाई, थेंबभर पानी सुटलं न्हाई, पुढच्या साली बारा पायजेत. मालक आता शेड वाढवायचं बोलतात. जसं काय त्यांचीच कल्पना.
पाकीट फ्रिजमध्ये, पालेभाजीच्या मागं ठेवलं. आमच्यात कुनी खात न्हाई. मी तर न्हाईच.

२६ डिसेंबर, दुपार
घरात कुनी न्हवतं. धंदा करायचा तर आपला माल आपल्याला ठाऊक पायजे. पाकीट काढलं. बोटानं दाबून बघितलं, परत वर आलं. चरबी पांढरी, घट्ट. पानी न्हाई. काप वाकडातिकडा, मांडीसारखा.
जिभेला लावून बघायचं, एवढाच ठराव हुता.
चांगलं हुतं. लई चांगलं हुतं. दुसरा काप खाल्ला. तिसरा खात्रीसाठी. पाच नंबर हुता का दोन नंबर, कळायला मार्ग न्हाई. त्यांना मी कधी हाक मारली न्हवती.
पाकीट हातात तसंच, शेडकडं गेले. चार नंबर दाराशी आला, माझा हात हुंगायला लागला. मी पाकीट पदराखाली घेतलं. त्याला काय कळतंय म्हना.
तरी त्याच्याकडं पाठ केली आन उरलेला काप खाल्ला.